काटा स्थिर होईपर्यंत

आमच्या अंगणवाडीला आता पत्ता आहे.
पूर्वी सांगावं लागायचं: मानखुर्द, शौचालयापासून डावीकडे,
मटणाचं दुकान, गटारावरची फळी, मग निळं दार.
आता नुसतं म्हणायचं, पिलर एकशे बेचाळीस.

दहा बाय बाराची खोली. भाडं सरकारचं,
येतं तेव्हा तीन-चार महिन्यांचं एकदम येतं.
तोवर घरमालक इद्रीसभाई
माझ्याकडे न बघता "सलाम बाई" म्हणतात.

दाराबाहेर पत्रे उभे राहिले, त्यावर फलक:
आज गैरसोय, उद्या सोय.
माझी मोठ्या गटातली पोरं त्यावरच अक्षरं शिकली.
"सोय" आधी आली.
"गैर"ला जरा वेळ लागला.

खांबासाठी खड्डा घेताना जमीन हलायची.
डब्यातली मटकी हलायची, भिंतीवरचा तक्ता हलायचा,
आणि तुळईला टांगलेला वजनकाटा
झोळीत मूल ठेवलं की थरथरायचा,
पाच आठशे आणि सहा चारशेच्या मधे
इकडून तिकडे, इकडून तिकडे.
तेवढ्या जागेत
आठ महिन्यांच्या मुलीचं पिवळं की हिरवं ठरतं.

ती मुलगी बिरसी.
आई सुगिया, लातेहारची, सळया बांधायची.
बाप मशीनपुढे लाल झेंडा घेऊन उभा.
फोनमधल्या अ‍ॅपने विचारलं, घर क्रमांक?
मी टाकलं, पिलर १४२.
अ‍ॅपने घेतलं नाही. रजिस्टरने घेतलं.
कागद अजून माणसाचं ऐकतो.

मुख्यसेविका मॅडम म्हणाल्या, ही आपल्या सर्व्हेत नाही.
म्हटलं, मॅडम, हिचा बाप आपल्या बजेटात आहे.
त्यांनी चहा संपवला. सही केली.

मग एका मंगळवारी मी पत्र्यातून आत गेले,
पायात चप्पल, डोक्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं, ढिलं.
इंजिनिअर पोरगाच होता, नव्या मिशीचा.
त्याला सांगितलं, तुमचं मशीन दोन मिनिटं थांबवा,
मला एक मूल मोजायचंय.
तो म्हणाला, ताई, एका मिनिटाचा खर्च माहितीये?
मी म्हटलं, नाही. तुम्हाला माहितीये
एका महिन्यात पाव किलो नाही वाढलं तर काय होतं?
त्यालाही नव्हतं माहीत.
दोघं उभे राहिलो तसेच, अडाणी.

तेव्हा बिरसीच्या बापाने
कुणालाही न विचारता
झेंडा वर केला.

इतकी शांतता मी त्या गल्लीत ऐकली नव्हती.
कुणाच्यातरी कुकरची शिट्टी, एक कावळा.
मी धावत आले. झोळी. काटा.
थरथर कमी, आणखी कमी, थांबला.
पाच आठशे. पिवळं.

पिवळं तर पिवळं, पण खरं.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अकराला,
मग झेंडा वर जायचा.
कुठल्या आदेशात नव्हतं ते, कुठल्या टेंडरात नव्हतं.
सहा दोनशे. मग सहा सहाशे,
हिरव्याच्या अगदी काठाला, पाय सोडून बसल्यासारखी.

आणि खांब झाला.
पत्रे निघाले, माणसं निघाली.
कुणी म्हणालं ठाण्याला, कुणी म्हणालं पुण्याला.
रजिस्टरात अशा ओळीसाठी शब्द असतो: स्थलांतरित.
मी पेन्सिलने लिहिला.

आता वर रिकामी गाडी धावून बघतात, चाचणीची.
चांगली आहे. थंड आहे म्हणे आत.
माझी सून बसेल, नाहूरच्या नोकरीला वेळेत पोचेल,
मला आनंदच आहे, कुणाला नसेल?

परवा अनोळखी नंबरवरून फोन आला.
मागे तोच धडधड आवाज.
सुगिया ओरडून विचारत होती,
बाई, इथे काटा कुठे असतो?

मी विचारलं, पिलर नंबर सांग.
ती म्हणाली, अजून खड्डाच आहे.